गिअरची गाडी की ऑटोमॅटिक? आधी आपला घाट पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरकडे गाड्यांची बुकिंग सुरू होते आणि घराघरात एकच वाद होतो: गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? आमच्यापैकी एक जण क्लच-गिअरबॉक्सचे काम करतो, दुसरा गाडी शिकवतो. हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो, आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर शेजाऱ्याच्या किंवा मेव्हण्याच्या सांगण्यावरून आधीच ठरवलेले असते. ते ठरायला हवे आपण गाडी कुठल्या रस्त्यावर चालवणार यावरून.

आपल्या भागात हे रस्ते फार वेगवेगळे आहेत. अथणी-रायबागकडे सगळे सपाट, तिथे कुठलाही गिअरबॉक्स चालतो. बेळगाव शहरात खडेबाजार, गणपत गल्ली किंवा टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायला जागा मिळत नाही. हायवेवरचे तवंदी आणि वंटमुरी घाट रुंद आहेत, त्यांचा गिअरबॉक्सला त्रास नाही. खरी परीक्षा पश्चिमेला. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, शिनोळीवरून आंबोली, चंदगड तालुक्यातून तिलारी, लोंढा-रामनगरवरून अनमोड. त्यातही तिलारीचा चढ उभा आणि वळणे आवळ. गणपतीला, मे महिन्यात किंवा गोव्याला जाताना पाच माणसे, सामान आणि एसी चालू ठेवून गाडी याच रस्त्यांवर जाते.

दुसरी गोष्ट, ‘ऑटोमॅटिक’ म्हणून शोरूममध्ये चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात: एएमटी (गिअरच्या गाडीचाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअरचे काम यंत्र करते), टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर देणारे), सीव्हीटी (पुली-पट्ट्याचे) आणि डीसीटी (दोन क्लचचे). त्यांची झीज वेगळी, खर्च वेगळा, चालवायची रीतही वेगळी. सेल्समनला ‘ऑटोमॅटिक आहे का’ एवढेच विचारू नका, यातले कुठले आहे ते विचारा. त्याला सांगता आले नाही तर गाडीचे माहितीपत्रक मागून स्वतः वाचा.

आधी गिअरच्या गाडीबद्दल, कारण तिचा क्लच समजला की एएमटी आपोआप समजते. फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये, इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट दाबलेली असते. पेडल दाबले की ती सुटते, सोडले की पकडते. अर्ध्यावर धरले, म्हणजे आपण म्हणतो तो हाफ क्लच, की प्लेट घासत फिरते आणि तापते. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक अडकले की आजूबाजूच्या निम्म्या गाड्या हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर तोललेल्या असतात. तिथे जो जळका, उग्र वास येतो तो प्लेटच्या अस्तराचा. नीट वापरला तर हाच क्लच लाखभर किलोमीटर जातो. पेडलवर कायम पाय ठेवून चालवणाऱ्याचा तीस-चाळीस हजारांतही संपतो. पाय नुसता टेकलेला असला तरी क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग फिरत राहते आणि तेही आधी जाते.

क्लच संपत आला हे घरच्या घरी कळते. पेडल वर येऊन मग पकडू लागते. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेक दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही तपासणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही खराब होईल. लहान पेट्रोल गाडीचा क्लच सेट लेबरसकट साधारण पाच ते दहा हजारांत बसतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचे, हादरे शोषणारे) असलेल्या डिझेल गाड्यांत मात्र खर्च याच्या कितीतरी पट वाढतो. डिझेल घेणाऱ्याने ते आधी विचारून घ्यावे.

आता एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत ती आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या हाती आली. आपल्या भागात सर्वांत जास्त खपणारी ऑटोमॅटिक हीच, आणि सर्वांत जास्त गैरसमज हिच्याबद्दलच. एएमटीत गिअरबॉक्स गिअरच्या गाडीचाच असतो आणि क्लच प्लेटही तशीच कोरडी. फरक इतकाच की पेडल दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्च्युएटर नावाची यंत्रे करतात, काही गाड्यांत तेलाच्या दाबावर, काहींत इलेक्ट्रिक मोटरवर. म्हणून ती गिअरच्या गाडीपेक्षा साधारण पन्नास-साठ हजारांनीच महाग पडते, मायलेजही जवळपास तेवढेच देते आणि गिअरबॉक्समध्ये साधे गिअर ऑइलच लागते. पण म्हणूनच हाफ क्लचने जे होते तेच इथेही होते, फक्त ते आपल्या पायाला कळत नाही.

घाटात पुढे ट्रक अडकला आहे, मागे रांग आहे, आणि एएमटीवाला ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर स्थिर धरून बसला आहे. या गाड्यांचे क्लच सगळ्यात जास्त याच चुकीने जातात. त्या वेळी आत प्लेट सतत घासत असते आणि मिनिटभरात अस्तर तापून निघते. दुसरी चूक, रांग सरकेल तसे वीतभर पुढे घेत राहण्याची. दर वेळी क्लच अर्धवट पकडतो आणि सुटतो. योग्य रीत अशी: चढावर थांबलात की पाय ब्रेकवर, थांबा लांबणार असे दिसले तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल. पुढे दोन-तीन गाड्यांइतकी जागा होऊ द्या. मागचा हॉर्न वाजवू दे. मग ब्रेक दाबून ‘डी’ (ड्राइव्ह, म्हणजे गाडी गिअर स्वतः निवडते) किंवा मॅन्युअलचा (आपण गिअर निवडतो) पहिला गिअर, ॲक्सिलरेटर ठामपणे द्या, गाडी ओढू लागली की हँडब्रेक सोडा आणि न थांबता सरळ पुढे न्या. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी साधारण दोन सेकंदच धरली जाते. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर गेला नाही तर गाडी मागे येते.

क्लच तापला की बहुतेक एएमटी गाड्या बीप देतात किंवा दिवा लावतात. काही गाड्यांत त्यानंतरही दाबत राहिलात तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडून देते आणि चढावर ओढच जाते. बीप ऐकली की पहिली सुरक्षित सपाट जागा गाठा, हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. पाणी ओतू नका.

एएमटीचे आणखी दोन गुण-दोष सांगायला हवेत. गिअर बदलताना ती क्षणभर श्वास घेते. हे बिघाडाचे लक्षण नाही, तिची रचनाच तशी आहे. गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित ढिला केला तर झटका जवळजवळ जाणवत नाही. पण गळीत हंगामात संकेश्वर-हुक्केरीकडे उसाची डबल ट्रॉली ओलांडताना हीच विश्रांती धोक्याची ठरते. समोरून गाडी येते आहे आणि आपली गाडी गिअर शोधते आहे, अशी वेळ येते. ओलांडायच्या आधीच मॅन्युअलवर घेऊन एक गिअर खाली उतरवा, मगच बाहेर निघा. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नसतो, म्हणून याची सवय आधीपासून असलेली बरी. आणि क्लच बदलला की नवा क्लच कुठे पकडतो हे स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावे लागते. ते न करता गाडी ताब्यात दिली तर पहिल्या दिवसापासून हिसके देते आणि नवी प्लेट झिजते. आपल्या मेस्त्रीकडे तो स्कॅनर आहे का, हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.

उतरणे हा वेगळाच विषय आहे आणि शिकवण्यात तो सर्वांत जास्त राहून जातो. कणकुंबीहून गोव्याकडे किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना ‘डी’वर सोडलेली ऑटोमॅटिक वेग वाढला की वरचा गिअर टाकू शकते. मग खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते तो अडसर राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. धुवाधार पावसात, धुक्यात हे झाले तर काय होईल हे सांगायला नको. उतार सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना, एएमटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरला मॅन्युअलवर घ्या आणि दुसरा गिअर धरा. तिलारीसारख्या ठिकाणी पहिलासुद्धा लागतो. सीव्हीटीच्या लिव्हरवर ‘एल’ किंवा ‘एस’ असेल तर ते वापरा. इंजिनचा आवाज वाढेल, त्याला घाबरू नका. काटा लाल पट्ट्यात जात नाही तोवर इंजिनला काही होत नाही. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा थोडा, पण ठामपणे मारा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

गिअरच्या गाडीचा नियम जुनाच आहे, ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचे. पण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजूनही पुष्कळ आहेत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जाणेच थांबते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे बचत नाहीच, उलट धोका वाढतो. आणि कोणी चावी बंद करून उतरत असेल तर दोन-तीन वेळा ब्रेक मारल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची ताकद संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते.

टॉर्क कन्व्हर्टर हे खरे जुने ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असते, कोरडी प्लेट नसते. चढावर थांबून पुन्हा निघताना जळण्यासारखे काही नाही, म्हणून नियमित घाट आणि भरलेली गाडी असेल तर आम्ही हेच सुचवतो. ब्रेझा, एर्टिगा, स्कॉर्पिओ-एन, डिझेल क्रेटा यांत सहा गिअरचे टॉर्क कन्व्हर्टर मिळते. किंमत गिअरच्या गाडीपेक्षा लाख-दीड लाखाने जास्त आणि मायलेज लिटरमागे एखादा किलोमीटर कमी, हा त्याचा तोटा. त्याचे तेल गिअर ऑइल नव्हे, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे खास तेल) असते. नवे असताना लाल, जळाले की तपकिरी आणि वास येणारे. ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे कोणी सांगितले तरी घाटाच्या गाडीचे साठ हजार किलोमीटरच्या आसपास तपासून बदलावे. नट उघडून तेल काढले तर निम्मेच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून काही अंतराने दोनदा बदलणे चांगले.

सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. शहरात तिच्याइतकी मऊ गाडी नाही. जोरात दाबले की आधी इंजिन ओरडते आणि वेग मागून येतो, हे काहींना खटकते. तिला तिचेच तेल लागते. एटीएफ घातले तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात आणि गिअरबॉक्सच जातो. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात चिखलात चाक फिरू लागले तर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसू नका. दगड किंवा पोते घाला आणि हळू काढा.

डीसीटीत दोन क्लच, एकावर विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम. हायवेला झटपट, ओलांडताना उत्तम. पण यातही दोन प्रकार आहेत. फोक्सवॅगन-स्कोडाच्या दीड लिटर टर्बोतला सात गिअरचा डीसीटी कोरड्या क्लचचा आहे, ह्युंदाई-कियाच्या टर्बोतलाही कोरडाच. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिला तो तेलात बुडालेल्या क्लचचा. सरकत्या ट्रॅफिकमध्ये आणि चढावर कोरडा लवकर तापतो. त्याचा मेकॅट्रॉनिक भाग (क्लच-गिअर हलवणारा) गेला तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकते. खडेबाजारातच फिरायचे असेल तर हा खर्च कशाला ओढवून घ्यायचा?

इलेक्ट्रिक गाडीला गिअरबॉक्सच नाही, एकच गिअर. उतारावर मोटर ब्रेकचे काम करते. पण घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा अडसर कमी मिळतो, एवढे लक्षात ठेवा.

किमतीचा हिशोब करताना आपल्याकडे एक गोष्ट हमखास सुटते. कर्नाटकात आजीवन रस्ता कर किमतीच्या टप्प्यांवर आहे: पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७ आणि त्यावर १८, शिवाय करावर उपकर. समजा गिअरची गाडी ९,६०,००० ची आणि तिचीच ऑटोमॅटिक १०,२०,००० ची आहे. पहिलीचा कर १,३४,४०० रुपये, दुसरीचा १,७३,४००. साठ हजारांचा वाटणारा फरक प्रत्यक्षात ९९ हजारांवर जातो, विमा आणि उपकर वेगळे. म्हणून दहा लाखांच्या सीमेवरची गाडी घेताना कोटेशन शोरूमच्या किमतीवर नको, रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीवर मागा. कोल्हापूर पासिंगची स्वस्त पडेल असे म्हणून घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ ध्यानात घ्यावे. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो.

बॅटरी उतरली तर गिअरची गाडी धक्का मारून चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही. म्हणून ऑटोमॅटिक असेल तर डिकीत जंपर केबल हवी आणि बॅटरी तीन वर्षांनंतर तपासत राहा. बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून टोचन करू नये. आतला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडे घासतात. इंजिन जी चाके फिरवते ती (बहुतेक लहान गाड्यांत पुढची, स्कॉर्पिओ-एनसारखीत मागची) उचलणारी क्रेन किंवा सपाट ट्रकच बोलवा, तो खर्च गिअरबॉक्सपेक्षा नक्कीच कमी आहे. चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलचे नेटवर्क सलग मिळत नाही, तेव्हा क्रेनचा नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा.

उतारावर उभी करतानाही फरक आहे. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटीत आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक ओढून ब्रेक सोडून पाहा आणि शेवटी ‘पी’ (पार्किंग). थेट ‘पी’ टाकला तर सगळे वजन एका लहान खिट्टीवर येते आणि निघताना ती ‘खट्’ करून सुटते. बऱ्याच एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतोच. तिथे गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करून हँडब्रेक लावायचा, आणि चाकामागे दगड.

जुनी ऑटोमॅटिक घेताना गाडी थंड असतानाच पाहायला जा, आधी गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. ब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘आर’ (रिव्हर्स) टाका. सेकंद-दोन सेकंदांपेक्षा उशिरा ओढली किंवा धक्का बसला तर थांबा. चढावर तीन-चार वेळा थांबवून निघा. एएमटी थरथरली तर क्लच संपत आला आहे, डीसीटीने पहिल्या-दुसऱ्यात हिसके दिले तरी तेच. तेल कधी बदलले याची नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांच्या डाव्या पायाला इजा आहे, जे पन्नाशीनंतर शिकायला येतात, त्यांना आम्ही मनापासून ऑटोमॅटिकच सांगतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यालाही. मात्र पहिले पंधरा दिवस डावा पाय मागे घेऊन ठेवा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. टाच ब्रेकच्या रेषेत टेकवा आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा वळवा. अरुंद गल्लीत गाडी लावताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याचा धोका याने पुष्कळ कमी होतो.

आपल्याकडे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेला उद्या कायद्याने भावाची गिअरची गाडी घेऊन आंबोलीला जाऊ शकतो. म्हणून शिकवणाऱ्या सर्व शाळांना विनंती आहे की दोन्ही प्रकारांवर हात बसवावा आणि एक तास तरी खरा घाट उतरून दाखवावा. आणि शोरूमवाल्यांनी टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून संपवू नये. गाडीत चार माणसे बसवून, एसी लावून, चढावर थांबवून पुन्हा निघू द्यावे. देत नसतील तर गिऱ्हाइकाने बुकिंगचे पैसे भरण्याआधी तसे मागावे.

आपले,
एक क्लच-गिअरबॉक्स मेस्त्री आणि एक गाडी शिकवणारा,
बेळगाव